दादानं वाट पाहिलेलं औषध

वहिनीचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत मिश्रण गाळत होते. "वन्सं, तुमचं दादा गेलं की वो..." एवढंच ती बोलली. मी गाळणं पुरं केलं, बाटलीवर चिठ्ठी लावली आणि मग खाली बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

माझा दादा मंद्रूपला शेती करायचा, शेरडं सांभाळायचा आणि बाजारात भेटेल त्याला "आमची सुमी कॅन्सरवर औषद काडतीया" म्हणून सांगायचा. मी चिडायचे. सोलापुरात आम्ही पाच-सहा जण एका एन्झाइमला अडवतील असे छोटे रेणू बनवतो. बहुतेक फसतात, हे त्याला कोण पटवणार? मग त्यालाच रक्ताचा कॅन्सर निघाला आणि त्यानं मला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, वाढीला आवर घालणारी जनुकं पेशीत शाबूत असतात, पण ते एन्झाइम त्यांच्यावर रासायनिक खुणा करून त्यांना गप्प बसवतं. "म्हंजी जनुक मेलं न्हाय, निस्तं त्वांड दाबलंय व्हय? मग काड की त्यो हात!" इतकं सोपं मला विद्यार्थ्यांनाही कधी सांगता आलं नव्हतं.

एका दुपारी आमच्या एका रेणूनं बशीतल्या कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबवली. आनंदाच्या भरात मी फोन केला, "जमलं रे दादा!" पुढच्या उंदरांवरच्या चाचण्या, माणसापर्यंतची लांबलचक वाट, हे सांगायचं राहूनच गेलं. बार्शीला त्याची केमो चालू होती, ती त्यानं सोडली. "आता कशाला त्यो तरास? सुमीचं येतंय की," असं वहिनीला म्हणाला. मला कळेपर्यंत दोन महिने उलटले होते. मी भांडले, रडले, हात जोडले. त्यानं पुन्हा केमो घेतली, पण आजार हाताबाहेर गेला होता. तोवर आमचा रेणूही उंदरांच्या यकृताला सोसेना झाला. ते मी त्याला सांगितलंच नाही... कुठल्या तोंडानं सांगणार?

गेल्या रविवारी मंद्रूपला गेले. दूध ठेवायला फ्रिज उघडला, तर सगळे कप्पे गच्च आणि वरचा एक पुसून लख्ख, रिकामा. मी तिथं पातेलं ठेवणार, तोच वहिनीनं हात धरला.

"तितं नगं, वन्सं. तुमच्या औषदाला ह्यांनी मोकळी केलती ती जागा. आसू द्या."

गार ठेवावं लागतं, हे मीच कधीतरी त्याला सांगितलं होतं. मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले.