केदार प्रीॲम्प निवडतो

रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. गिटारवाले ते घरपोच आणून टाकतात. आमचा स्टुडिओ मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. मालक सतीशदादा, रेकॉर्डिंग करणारी मी. आणि आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या केदारचे.

केदार मुलुंडचा. आठवडाभर आयटीत, रविवारी मेटल बँडमध्ये गिटार. त्याचा सगळा जीव प्रीॲम्पमध्ये. प्रीॲम्प म्हणजे माइकमधून येणारा बारीक सिग्नल रेकॉर्ड होण्याइतका मोठा करणारा डबा. हळू आवाजात गाणाऱ्या बाईसाठी तो नीट निवडावा लागतो, मान्य. पण केदार वाजवायला लागला की आमच्या खिडकीची तावदानं थरथरतात. तिथे कुठलाही बरा डबा लावा, ऐकणाऱ्याला काडीचा फरक कळत नाही.

केदारला कळतो. म्हणजे, तो तसं म्हणतो.

*

पहिल्याच दिवशी तो स्वतःचे प्रीॲम्प रिक्षात घालून घेऊन आला. आमचे होतेच. एकेक लावायचा, डोळे मिटून ऐकायचा. एक त्याला कोरडा वाटला, दुसरा गोडसर. तिसरा लावला तर म्हणाला, "हा मागून थोडा आंबट लागतो."

सतीशदादाने काळजीने विचारलं, "तू जेवून आलायस ना रे?"

*

त्याच्या गिटारच्या तारा गंजलेल्या होत्या. हात लावला की बोटाला तांबूस डाग. मी म्हटलं, आधी तारा बदल, आवाज आपोआप मोकळा होईल. तो दुखावला. या तारांना आता कुठे कॅरेक्टर आलंय, म्हणाला.

मग दुपारभर बसून तो असा प्रीॲम्प शोधत होता, ज्यातून आवाज जरा नवाकोरा येईल!

*

एकदा त्याचे वडील आले. कणकवलीकडचे, तरुणपणी गिरणीत मागावर होते. केदारने त्यांना दोन प्रीॲम्पमधून एकच तुकडा ऐकवला आणि जास्त हेवी कुठला ते विचारलं. म्हाताऱ्याने दोन्ही मन लावून ऐकले.

"मागाचो असो आवाज इलो काय," ते म्हणाले, "आमी मिस्त्रीक बोलवत होतंव."

*

बँडचा गायक निनाद, घाटकोपरचा, केदारचा कॉलेजपासूनचा दोस्त. सगळी गाणी त्यानेच लिहिलेली. त्याला दोह्यात नोकरी लागली होती आणि जाण्याआधी ती एकदा गाऊन जायची होती, बस. पण केदारचा हट्ट, आधी गिटार पूर्ण होऊ दे. आणि गिटार काही पूर्ण होईना, कारण डबा ठरेना.

दर रविवारी निनाद गरम पाण्याची बाटली घेऊन यायचा आणि जिन्यात बसायचा. शेवटच्या रविवारी त्याने दार ढकलून फक्त विचारलं, "आज?"

केदारने हेडफोन न काढता एक बोट वर केलं. एक मिनिट.

 निनाद बाटली उचलून खाली गेला. मी त्याच्यामागे गेटपर्यंत धावले.  तो म्हणाला, "त्याला सांग, दुसरा डबा बरा होता."

त्याच आठवड्यात तो गेला. गाणी अजून गायकाविना पडलीत.

*

निनाद गेल्यावर केदार परत आला. आता घाई नाही, सगळं पहिल्यापासून करू, म्हणाला. या वेळी ऑफिसला सुट्टी टाकून, कामाच्या दिवशी. आमच्या भिंतीला लागून लोखंडी पाइप कापणाऱ्याचा गाळा आहे, म्हणून अशा दिवशी आम्ही रेकॉर्डिंग घेत नाही. केदार ऐकेना. माइक चालू केला. त्याने जीव तोडून वाजवलं आणि शेवटी तारांवर हात ठेवून तो थांबला. नेमका तेव्हाच पलीकडे कटर सुरू झाला आणि भिंतीतून थेट माइकमध्ये शिरला.

कानाला हेडफोन असल्यामुळे केदारला वाटलं, ही सगळी आपलीच गिटार. रेकॉर्डिंग त्याने पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. डोळे मिटलेले, पापण्या ओल्या.

"इतके महिने हेच शोधत होतो यार," तो म्हणाला. "शेवटी ती जी धार येते ना, ती कुठल्या प्रीॲम्पची?"

मी सतीशदादाकडे पाहिलं.

"शेजारचा आहे," सतीशदादा म्हणाला. "सहाला बंद होतो."