उन्हात ठेवलेली बाटली

मुंबईची गाडी पुलगावला फार वेळ थांबत नसे. सामान चढलं, तुमचे आजोबा खिडकीशी जाऊन बसले आणि मी फलाटावर आईचा हात धरून उभी राहिले. मुंबईहून बोट, पुढे इंग्लंड, लीड्स. आजोबांना तिथे कापडाचं तंत्र शिकायचं होतं. तीन वर्षांत परत यायचं, असं ठरलं होतं. मीही त्यांच्याबरोबर निघाले होते. बाबांना रडू आलं की ते थट्टा करत.

"काऊन रडून राह्यली वं? बाटली मुरली का तुले यायचंच आहे. तुह्याशिवाय मी बूच काढत नाई."

"पोरगी चालली, अन् ह्यायले बाटलीची पडली," आई म्हणाली. तेवढंच ती बोलली.

त्या बाटलीबद्दल सांगायला हवं. आम्ही नाचणगावचे. बाबा पुलगावच्या गिरणीत हेडक्लार्क होते. गिरणीतला इंग्रज इंजिनिअर कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने बाबांना लढाईच्या आधीची एक फ्रेंच लाल वाइन दिली, बहुतांशी काबर्ने द्राक्षाची. बाबा पीत नसत, आणि आमचा जिल्हा दारूबंदीचा. पण नुसत्या नजरेने आणि बोटांनी पारख करण्याची त्यांना हौस होती. कापसाचा धागा ते तसाच जोखत. साहेबाने एकदा त्यांना पेला तिरपा धरून दाखवला होता. ते ज्ञान बाबांनी मला आमच्या भाषेत दिलं. कोवळ्या वाइनची कड जांभळी, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी. वय झालं की कडेला विटेचा रंग येतो. आधी हिरड्यासारखी तुरट, मग तो तुरटपणा विरतो, फळाचा वास मागे पडतो आणि सुक्या तंबाखूचा येतो. त्याच्याही पुढे गेली, किंवा ऊन लागलं, तर मरते. म्हणून ती त्यांनी ज्वारीच्या रिकाम्या पेवात, जमिनीखाली, वाळूत आडवी पुरली होती. वैशाखातही तिथे गारवा असे. आईने या सगळ्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवली, की ती मुरते.

लीड्समध्ये कोळशाचा धूर होता, आणि दुपारीच अंधार पडे. खोलीत एक गॅसची शेगडी, तिच्याभोवती आम्ही दोघं. एकदा आजोबांच्या प्रोफेसरांनी जेवायला बोलावलं आणि जुनी काबर्ने उघडली. मी सवयीने पेला पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिरपा धरला. कड विटेची होती. वास सुक्या तंबाखूचा आणि लाकडाच्या जुन्या पेटीचा. जिभेवर तुरटपणा होता, पण गाळून घेतल्यासारखा मऊ. बाबांनी कधीही न चाखता सांगितलं होतं ते सगळं त्या पेल्यात होतं. मी म्हटलं, ही आता मुरली आहे, आणखी थांबू नये. प्रोफेसरांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, नाचणगावला.

दुसऱ्या हिवाळ्यात तार आली. बाबा गेले. तार माझ्या हातात पडली तेव्हा तिथे सगळं आटोपलं होतं. आजोबांचं शिक्षण लांबलं, मग लीड्सलाच नोकरी लागली. मी नाचणगावला आले ती चौथ्या वर्षी.

आई वाळली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, घेऊन गेली. लोणच्याच्या बरण्या फडकी बांधून उन्हात मांडल्या होत्या. त्यांच्या रांगेत, गळ्याशी बाबांचा दुपट्टा गुंडाळून, ती बाटली उभी होती.

"तुह्या बाबाच्या मागं पेव बुजवलं. मंग इले वर आणली. दोन उन्हाळे ऊन देल्लं."

"लोकांनी विचारलं नाही?"

"औषध हाय म्हटलं."

"पण आई, ऊन काऊन दिलं?"

"लवकर मुरन म्हटलं. ते म्हणत ना, बाटली मुरली का तुले यायचंच आहे."

मी खाली येऊन बूच काढलं. ते सुकून भुगा झालं होतं. काचेच्या साध्या पेल्यात ओतली आणि तो पांढऱ्या चादरीवर तिरपा धरला. लाल रंग कुठेच नव्हता. कडेपासून मध्यापर्यंत काढ्यासारखी तपकिरी. वास करपलेल्या गुळाचा, मागून आंबूस. तुरटपणा नाही, फळ नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने पेला घेतला आणि लोणचं हुंगावं तशी हुंगली.

"बिघडली. ऊन लय झालं."

पेला तिने हळूच खाली ठेवला.

"पण तू तं आली."

दीड महिन्यानं मी निघाले. पुन्हा तोच फलाट. या वेळी थट्टा करायला कोणी नव्हतं. गाडी दिसू लागली तेव्हा आई म्हणाली, "आता कायले ऊन देऊ, ते तं सांगून जाय." मी गाडीत चढले. त्यानंतर ती मला दिसली नाही.

गेल्या वाढदिवसाला तुम्ही मला जुन्या काबर्नेची बाटली पाठवलीत आणि फोनवर बजावलंत, "आजी, आम्ही आलो की उघडू." ती मी जिन्याखाली गार अंधारात आडवी ठेवली आहे. ती कशी ठेवायची ते मला नीट माहीत आहे. नाचणगावचं धाब्याचं घर आता पाडलं. तिथे माझी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून त्याला माझं घर म्हणवत नाही. लीड्सच्या या घरात मी तुमची वाट बघते, म्हणून इतक्या वर्षांनी हेच घर झालं असावं. तुम्ही कधी येणार ते या वेळीही नक्की कळलं नाही.

परवा इथे ऊन पडलं होतं, पार खिडकीच्या कट्ट्यावर आलं होतं. मी जिन्याखालून बाटली काढून तिथे नेली आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिले. मग परत जागेवर आडवी ठेवली. अजून तरी.