हरवलेल्या वस्तूंचं पान

शैलाच्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी मेच्या प्रवासाची यादी करत होते. बारावा नंबर लिहून झाला होता : टॉर्च, दोन. "ताई गेल्या हो... झोपेतच," ती म्हणाली. मी "अच्छा" म्हणाले. फोन ठेवल्यावर पाहिलं, तर 'दोन' खोडून मी 'एक' केलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही दोघी जबलपूरच्याच. ती कमानिया गेटजवळच्या शाळेत भूगोल शिकवायची, मी खमरियाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. बाहेर गेलेली वस्तू परत आलीच पाहिजे, ही माझी नोकरी आणि आता स्वभावही. दोघींनीही संसार मांडला नव्हता. नऊ वर्षं दर मे महिन्यात आम्ही कुमाऊंच्या डोंगरात जात होतो. बस संपेल तिथून पुढे पायी, आणि मुक्काम कुणाच्या तरी घरी. वेळापत्रक मी करायची, मोडायची ती. कुठल्याही दारात उभी राहून विचारायची, "चाची, चूल्हे पर क्या चढ़ा है?" पाच मिनिटांनी बघावं तर ही आत बसून भाजी निवडतेय, घरातल्या बायका हसताहेत, आणि मी अंगणात घड्याळ बघत उभी.

शिवाय प्रत्येक गावात ती काहीतरी विसरायची. छत्री, कानटोपी, माझा चांगला स्टीलचा डबा... परतीच्या बसमध्ये मी यादी तपासली की एक वस्तू कमी.

"शैला, डबा?"

"राहिला असेल गं."

"राहिला कसा? सकाळी तुझ्याच हातात होता!"

"काहून ओरडून राहिली? मी तर बसमध्ये आहे ना?"

शेवटी मी वहीच्या मागच्या पानावर 'हरवलेल्या वस्तू' असा तक्ता आखला. वस्तू, गाव, कुणाचं घर, परत. गेल्या मे महिन्यात जिच्याकडे उतरलो त्या हीराचाचीच्या घरी शैलाचा लाल थर्मास राहिला. त्याच्या झाकणाचा कप तेवढा माझ्या पिशवीत आला. त्या दिवशी मी फार बोलले. "तुला हल्ली विसर पडायला लागलाय, डॉक्टरला दाखव," असंही म्हणाले. जबलपूर येईपर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो.

तेराव्यानंतर, लोकांना कळवायला म्हणून, तिच्या भावाने तिचा मोबाइल माझ्याकडे दिला. दुसऱ्याच दिवशी तो वाजला.

"दीदी, थर्मस धोकर रखा है. कब आ रही हो?"

हीराचाची होती. मी म्हणाले, मी शैला नाही, तिच्यासोबत असते ती.

"अरे, घड़ीवाली दीदी!" ती खळखळून हसली. "बुरा मत मानना. वो तो हर घर में कुछ न कुछ छोड़ जाती है. कहती है, सामान पड़ा रहेगा तो आना ही पड़ेगा. बोली थी, घड़ीवाली को मत बताना, वो लिस्ट बनाती है."

मी वहीचं मागचं पान उघडलं.

"तो कब आओगी दोनों?"

"मई में," मी म्हणाले.

तक्त्यात नऊ घरं आहेत. नऊही घरांत तिची वस्तू पुसून, जपून ठेवलेली असणार, आणि ती गेल्याचं कुणालाच माहीत नाही. फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं. मी दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. उंबऱ्यावर उभं राहूनच सांगायला हवं, नऊ वेळा, एकटीने. चुलीवर काय आहे ते विचारायला मला येत नाही.

एकाच माणसाचं तिकीट काढलंय. तो लाल कप ओट्यावर असतो, सकाळचा चहा त्यातच घेते. काल तो यादीत तेरावा लिहिला. जाताना नेणार, थर्मासवर बसवणार आणि चाचीकडेच ठेवून येणार. वहीच्या मागच्या पानावर त्याचीही नोंद केली : वस्तू, गाव, घर. 'परत'चा रकाना रिकामा सोडलाय.