घराचं लायसन

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो, आणि तो आजचा नाही. तो मला ताई म्हणतो, माझ्या मुलांचे लाड करतो, आला की रिकाम्या हाताने येत नाही. माणूस म्हणून त्याच्यात खोट काढायला जावं तर हाती काही लागत नाही, आणि त्यामुळे माझा जळफळाट जास्तच होतो. गावचं, अंजूरचं घर त्याला मिळणार, जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोडाऊनचं भाडं त्याच्याकडे जाणार, हे मी कधीच सोडून दिलं होतं. सोडता आली नाही ती बंदूक.

बाबांची दुनळी. आमचं शेत खाडीच्या अंगाला होतं आणि भात तयार व्हायला आलं की रात्रीची रानडुकरं शिरायची. म्हणून बाबांनी पिकाच्या राखणीसाठी लायसन काढलं होतं. माझ्या माहितीत त्यांनी एकही डुक्कर मारलं नाही. बार हवेत जायचा, डुकरं पळायची, आणि सकाळी चार माणसं ओटीवर चहाला यायची. गावात बंदूकवाले म्हणून बाबांना मान होता. पुढे शेत भाड्याने गेलं, पत्र्याची गोडाऊनं आली, डुकरंही कुठे गेली कोण जाणे. बाबांनी लायसनचं कारण बदलून घेतलं, जिवाच्या रक्षणासाठी म्हणून, आणि बंदूक राहिली.

महिन्यातून एखाद्या रविवारी बाबा ती ओटीवर घेऊन बसायचे. नळ्या मोडून डोळ्याशी धरायचे, गजाला चिंधी गुंडाळून तेलात बुडवून आतून फिरवायचे. चिंधी धरायला शेजारी भाऊ. तो शाळेत जायलाही लागला नव्हता तेव्हापासून भाऊच. मी चहा आणून ठेवायची आणि उंबऱ्यात उभी राहायची. आता बस म्हणतील, मग म्हणतील, असं वाटायचं. कोणी म्हणायचं नाही.

भिवंडीला कॉलेजात गेल्यावर मी मुद्दाम एनसीसीत नाव घातलं. रायफल चालवायला शिकले आणि आमच्या तुकडीत माझा नेम सगळ्यात चांगला निघाला. गोळ्यांची भोकं पडलेला तो कागद मी घरी आणला, बाबांच्या पुढ्यात पसरला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरून उजेडात बघितला. म्हणाले, "चांगलं हाय. पण ती सरकारची बंदूक. ही घरची." आणि कागद घडी घालून माझ्याकडे परत दिला. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' असं लोक म्हणतात, पण आमच्याकडे तर दोघंही त्यांचीच होती.

मी शिक्षिका झाले. लग्न झालं आणि भिवंडीतच निजामपुऱ्याजवळ राहायला आले. घराच्या मागेच लूम आहेत, कापडाचे माग दिवसरात्र खडखडतात, त्यामुळे आमच्याकडे सगळेच जरा मोठ्याने बोलतात. रविवारी अंजूरला जायचं हे मी मोडलं नाही. गेल्या वर्षीच्या अशाच एका रविवारी भाऊ बाबांच्या पायाशी बसून म्हणाला, "बाबा, हळदीला बंदूक नेऊ का?"

हळद त्याच्या मित्राची होती. जवळच्या पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये दोघांचे टेम्पो चालतात. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. एका रंगाचे शर्ट शिवून घेतात, मोठमोठे स्पीकर लावतात, आणि नवरदेवाच्या जवळच्या मित्राने काहीतरी वेगळं करून दाखवायचं असतं. कोणी घोडा आणतो. भावाला खांद्याला दुनळी लावून नवरदेवाच्या बाजूला उभं राहायचं होतं.

"काडतूस न्हाय नेत. नुसती खांद्याला. फोटोपुरती."

"ने की," बाबा म्हणाले. "घरचीच वस्तू हाय."

ते ऐकलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी इतकी वर्षं उंबऱ्यात उभी राहिले आणि हा एका वाक्यात घेऊन चालला. मी म्हटलं, "बाबा, अशी देता येत नाही."

आमच्या घरात सगळ्यांची एक पक्की समजूत होती. लायसन म्हणजे रेशनकार्ड. वर नाव कर्त्या पुरुषाचं, पण चालतं सगळ्या घराला. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी खोडूनही काढलं नव्हतं. लायसनच्या पुस्तकात छापलेल्या अटी घरात मी एकटीने वाचल्या होत्या. जी वस्तू हाताला लावू देत नाहीत तिच्याबद्दल निदान वाचावं, एवढंच. शिवाय माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वकील आहेत, इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले. पालकसभेला आले होते तेव्हा त्यांना मी विचारून घेतलं होतं. ते म्हणाले होते, "मॅडम, बंदूक काय छत्री आहे का, बारिश आली म्हणून भावाला दिली? जिसका नाम, उसका हाथ. बस."

मी ते सगळं ओटीवर सांगितलं. लायसन माणसाचं असतं, घराचं नसतं. बायको असो, मुलगा असो, ज्याच्या नावावर लायसन नाही त्याच्या हाती बंदूक द्यायची नाही. फार तर मालक समोर असताना, त्याच्याच वापरासाठी, दुसऱ्याने ती उचलून नेली तर चालतं. नाहीतर दुरुस्तीला किंवा लायसन नवं करायला न्यायची असेल, आणि मालकाने तसं लिहून दिलं असेल, तर. हळद यातल्या कशातच बसत नाही, आणि लग्नकार्यात तर मालकानेही मिरवायची नाही. पकडलं तर देणाऱ्यावरही गुन्हा आणि घेणाऱ्यावरही.

भाऊ हसला. रागाने नाही, लाडाने. "ताई, तू जळतेस."

"हो, जळते," मी म्हटलं. "पण नियम खरा आहे."

आई आतून म्हणाली, "तुझं हे जुनंच हाय बाय. एक दिवस नेतोय तर नेऊ दे त्याला."

बाबा पायावरून हात फिरवत राहिले. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं बंदच झालं होतं, त्यामुळे हळदीला ते जाणारच नव्हते. मला एवढंच कळलं की त्या घरात माझ्या तोंडून खरी गोष्टसुद्धा पोटदुखी होऊनच बाहेर पडते. मी तणतणत रिक्षात बसले आणि घरी येऊन नवऱ्याशी उगाच भांडले.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी फोन उघडला, तर भावाच्या स्टेटसला तोच. पिवळा शर्ट, कपाळभर हळद, खांद्याला बाबांची बंदूक. खरं सांगते, रुबाबदार दिसत होता. बाबा तरुणपणी असेच दिसत असतील असं मनात आलं आणि मी डबा झाकून ठेवला.

दुपारी आईचा फोन आला. पोलीस स्टेशनमधून बोलावणं होतं, बाबांना, भावाला, बंदुकीला आणि लायसनला. आई रडत होती आणि रडता रडता तिने विचारलं, "तू तर न्हाय ना काय सांगितलंस कुणाला?"

मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं असतं तर फोन आपटला असता. जिच्या पोटात दुखतं तिच्यावरच संशय जायचा, हे मला कळतं. पण कळलं म्हणून लागायचं राहत नाही. मी हेडबाईंना सांगून निघाले.

स्टेशनात बाबा खुर्चीत होते आणि भाऊ त्यांच्या मागे उभा होता. कानामागची हळद नीट निघाली नव्हती. साहेब तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी आपला मोबाइल टेबलावर ठेवून व्हिडिओ लावला. नवरदेवाच्याच चुलतभावाने तो कुठल्यातरी ग्रुपवर टाकला होता आणि तिथून फिरत फिरत तो इथे आला होता. आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, फक्त ते ऐकायला आई तिथे नव्हती.

"बंदूक याच्याकडे कशी आली?" साहेबांनी विचारलं.

भावाने तोंड उघडलं होतं, पण बाबा आधी बोलले. "साहेब, मी तिथंच होतो. माझ्यासमोर धरली त्यानं. मालक समोर असला की चालतं."

मी बाबांकडे बघतच राहिले. हा माणूस खोटं बोलत नाही. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, मुलीचा स्वभाव कसा आहे, तर बाबांनी सांगितलं होतं, "तापट हाय. तोंडाला लागाल तर ऐकून घेणार न्हाय." पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. तेव्हा मी चिडले तर म्हणाले, खोटं बोलून कुणाच्या घरात पोर द्यायची न्हाय. तेच बाबा आज पोलिसाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होते, पापणी न हलवता, आणि ते खोटं माझ्या शब्दांतून तयार केलेलं होतं. म्हणजे त्या रविवारी त्यांनी माझं ऐकलं होतं. भाऊ हसत होता तेव्हा ते ऐकत होते. मला आनंद होणार होता, पण तो पुरता व्हायच्या आत मला कळलं की ऐकलेलं खर्च कोणासाठी झालं.

साहेब म्हणाले, "बाबा, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"माझी मुलगी. मास्तरीण हाय."

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, अर्धंच सांगितलंत."

"पूर्ण सांगितलं होतं," मी म्हटलं. "मालक समोर, आणि मालकाच्या वापरासाठी. त्यांनी अर्धंच धरून ठेवलं."

"म्हणजे समोर असते तरी हे बसत नाही." साहेबांनी व्हिडिओ थांबवला. "पण ते होते का तिथे? तुम्ही सांगा."

बाबा माझ्याकडे बघत होते. जन्मात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होते, त्याच्यासाठी. भावाने मान खाली घातली होती. हो म्हणणं सोपं होतं, आणि माझ्या तोंडापर्यंत ते आलंही होतं. पण खोटं टिकणार नव्हतं. व्हिडिओत गाव सगळं होतं, बाबा कुठेच नव्हते.

"नव्हते," मी म्हटलं. "गुडघ्यांमुळे ते बाहेर पडत नाहीत. बंदूक त्यांनीच घरून दिली. त्यांना वाटतं, लायसन घराचं असतं. बंदुकीत काडतूस नव्हतं. मी देऊ नका म्हटलं होतं, पण मी म्हटलं म्हणूनच कोणी ऐकलं नाही."

भाऊ पहिल्यांदाच बोलला. "ताई सांगते ते खरं हाय साहेब. मागितली मी."

मग जबाब झाले. बंदूक आणि लायसन जमा झालं. लायसन रद्द का करू नये म्हणून नोटीस येईल, दोघांवरच्या गुन्ह्याचं काय ते कोर्टात बघू, बोलावलं की यायचं, असं सांगून आम्हाला सोडलं. आत नेताना हवालदाराने बंदूक आडवी धरली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही हात लावला नव्हता आणि आता तो लागणारही नव्हता.

भाऊ मोटरसायकलवरून पुढे गेला. बाबांना मी धरून रिक्षात बसवलं. ट्रेलरच्या रांगेत रिक्षा अडकली आणि बाबा बाहेरची चाकं बघत राहिले. मला वाटलं, ते रागावले आहेत. मी खोटं बोलले असते तर भाऊ सुटला असता असं त्यांना वाटत असेल. मग ते बाहेर बघतच बोलले.

"तुझ्यावर अशी वेळ आली असती ना, तर तुझ्यासाठी पण मी असंच खोटं बोललो असतो."

ते खरंच बोलत होते. मला ते दिसत होतं, आणि इथे थांबावं, त्यांचा हात धरावा, हेही कळत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "त्यासाठी आधी बंदूक माझ्या हातात द्यावी लागली असती."

बाबा माझ्याकडे वळले. काहीतरी आठवून बघत असल्यासारखे बघत राहिले, एखादा रविवार, एखादी वेळ. त्यांना काही सापडलं नाही. या वेळी खोटं ते बोलले नाहीत.