क्लेटसच्या इंजिनाचा खोकला

इंडियानातल्या मेडर्सफर्ड गावात व्हर्लिन स्टॉफरकडे गवत कापायचं यंत्र दुरुस्तीला दिलं, की ते हमखास दुरुस्त व्हायचं. पण जसं गेलं तसं परत कधी येत नसे. धान्याच्या कोठारातली नोकरी संपल्यापासून तो घरामागच्या शेडमध्ये छोटी इंजिनं उघडून बसे. कुणी नुसतं तेल बदलायला सांगितलं, तरी हा आतलं काहीतरी घासून त्याचा जोर वाढवी. "व्हर्लिनकडे टोस्टर देऊ नका, ब्रेड छताला चिकटेल," असं त्याचा मित्र डेल्बर्ट चारचौघांत म्हणे, आणि व्हर्लिनला ते मनातून आवडे.

त्या वर्षी वसंतात शेजारची ओनेटा आपलं बसून चालवायचं जुनं यंत्र घेऊन आली. तिचा नवरा क्लेटस हिवाळ्यात गेला होता. टाकीत पेट्रोल तसंच राहून कार्ब्युरेटर चिकटला होता.

"तेवढा साफ कर, व्हर्लिन. बाकी कशाला हात लावू नकोस," ती म्हणाली. "सुरू होताना ते दोनदा खोकतं ना, तेही राहू दे. शनिवारी सकाळी त्या खोकल्यानंच मला जाग यायची."

"खोकला काढणं दोन मिनिटांचं काम आहे गं."

"म्हणूनच सांगतेय."

त्यानं कार्ब्युरेटर साफ केला. यंत्र दोनदा खोकलं आणि सुरू झालं. त्याच दिवशी ते परत करायला हवं होतं. पण जत्रेतली गवत कापायच्या यंत्रांची शर्यत तोंडावर आली होती, व्हर्लिनचं स्वतःचं इंजिन सरावात जाम झालं होतं, आणि क्लेटसचं हे जुनं दणकट इंजिन त्याच्या डोळ्यांत कित्येक वर्षं भरलेलं होतं.

"यंदा कुंपणाबाहेरून टाळ्या वाजवणार वाटतं?" डेल्बर्टनं डिवचलं.

"कोण म्हणतं?"

त्यानं ओनेटाला सांगितलं, एक सुटा भाग यायचा आहे. मग शर्यतीच्या नियमाप्रमाणे खालची पाती काढली आणि वेगाला लगाम घालणारा गव्हर्नरही काढून ठेवला. लगाम काढला, तर आतला पिस्टनचा दांडा, म्हणजे जुना कनेक्टिंग रॉड, बदलून पोलादी घालायचा, नाहीतर तो वेगात तुटतो, हे तो स्वतःच सगळ्यांना बजावत असे. पण रॉड बदलायचा तर अख्खं इंजिन उघडावं लागणार. 'बाकी कशाला हात लावू नकोस' हे शब्द त्याला नेमके तिथे आठवले. एका शर्यतीपुरतं चालेल, मग सगळं होतं तसं बसवून देऊ, असं त्यानं ठरवलं.

शर्यतीच्या शेवटच्या फेरीत क्लेटसच्या यंत्रावर तो सर्वांत पुढे होता. वळणावर कडाड आवाज झाला आणि तुटलेला रॉड इंजिनाच्या पोटाला भोक पाडून बाहेर आला. डेल्बर्ट धावत आला, पण चेष्टा करायचं विसरला.

व्हर्लिननं त्याच मापाचं दुसरं इंजिन मिळवलं, पाती परत बसवली, वर क्लेटसचंच झाकण चढवलं आणि यंत्र ओनेटाच्या अंगणात नेलं. तिनं किल्ली फिरवली. इंजिन न खोकता, एका दमात सुरू झालं. तिनं ते लगेच बंद केलं.

"ओनेटा, मला सांगायचं होतं—"

"त्या दिवशी जत्रेत मी चर्चच्या खाऊच्या टेबलावर केक कापत होते," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी इंजिनं सुरू केलीत, तेव्हा त्या गोंगाटातही मला तो खोकला ऐकू आला. हातातली सुरी टाकून मी कुंपणापाशी गेले. वेडीसारखं वाटलं, क्लेटस आला."

व्हर्लिननं झाकणावरचा हात काढून घेतला.

"मग ते तुटतानाही ऐकलं," ती म्हणाली. "जा आता तू."

पुढच्या वसंतात ओनेटाचं यंत्र एका पिकअपवर चढून व्हर्लिनच्या शेडसमोरून शहरातल्या दुकानाकडे गेलं. नुसतं तेल बदलायचं असणार. तो हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. पुढ्यातल्या इंजिनाचा मालक, शाळेतला शिपाई, म्हणाला, "याचा थोडा जोर वाढवून देशील ना?"

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "जसं आहे तसंच मिळेल."