ढोले सरांनी निवडलेला उतार

आमच्या चांदूर बाजारात बर्फ म्हणजे रसवंतीतला, नाहीतर लग्नात पाण्याच्या ड्रममध्ये टाकायची लादी. उतार म्हणाल तर नाल्याचा काठ. बाकी सगळी काळी सपाट जमीन. अशा गावातला माणूस पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला शिकतो, ही गोष्ट गावाला झेपण्यासारखी नव्हतीच. भगवंत ढोले सर ते शिकून आले आणि गावाने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. चौकात लागलेल्या फ्लेक्सवरचा मजकूर माझा होता, कारण मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवतो आणि गावात कुणाचाही वाढदिवस असो की तेरवी, मजकूर माझ्याकडूनच लिहून नेतात. 'हिमशिखरांचा धुरंधर, आपल्या मातीचा अभिमान' असं मी लिहिलं. मागचा पहाड फ्लेक्सवाल्याने मोबाइलवरून घेतला. तो बहुधा काश्मीरचा तर सोडाच, भारतातलाही नव्हता.

सर पी.टी.चे. चाळिशी ओलांडलेले, पोट जरासं सुटलेलं, पण शिट्टी तोंडात गेली की अख्खं मैदान सरळ रेषेत. शिक्षकांच्या एका शिबिरातून ते पहिल्यांदा गुलमर्गला गेले आणि नादच लागला. पुढच्या हिवाळ्यात परत गेले. दोन शिबिरांनंतर त्यांची प्रगती किती, तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून थांबता येत होतं, आणि रुंद उतारावर दोन्हीकडे वळता येत होतं. म्हणजे अगदी नवखे नाहीत आणि तयारही नाहीत. हे ते स्वतःच सांगत. स्टाफरूममध्ये डब्याचं झाकण तिरपं धरून, त्यावरून शेंगदाणा घरंगळत सोडून ते आम्हाला समजावत.

"उतार आपल्याले निवडता आला पाह्यजे. आधी पाहाचं, थो संपते कुठी. झाडीत संपते का मैदानात? मंधात वाटलं तिथं आपल्याले थांबता येते का? येत नसन त थो उतार आपला नाही. आन सकाऊन बर्फ काचेवानी कडक असते, कालचा सोपा उतार आज सोपा नसते."

हे सगळं त्यांना तिथल्या शिकवणाऱ्याने सांगितलेलं. त्याला ते उस्ताद म्हणत. आम्ही ऐकायचो कमी आणि घरंगळलेले शेंगदाणे खायचो जास्त. पण हे लक्षात ठेवा, सरांना सगळं ठाऊक होतं. माणूस अज्ञानी असता तर मला आज एवढं लिहावं लागलं नसतं.

आता प्रणाली. सूर्यभान वानखडे यांची मुलगी, आमच्याच शाळेतून शिकून गेलेली. सूर्यभानभाऊंची संत्र्याची बाग आहे. पोरीला पोलीस भरतीत उतरायचं होतं, आणि दोन वर्षं सर तिला रोज सकाळी शाळेच्या मैदानावर पळवत होते. आठशे मीटरमध्ये ती पोरांना मागे टाकायची. आदल्या वर्षी सरांबरोबर ती गुलमर्गचं पहिलं शिबिर करून आली होती. या वर्षी सर पुन्हा न्यायला निघाले तेव्हा सूर्यभानभाऊ जरा कां-कूं करत होते.

"सर, भरती तोंडावर आली. कुठी पाय-बीय मुरगळला तं?"

"भाऊ, बर्फात पाय मजबूत होते. आन मी हाओ ना," सर म्हणाले.

ढोले सरांचं 'मी हाओ ना' आमच्याकडे सातबाऱ्याइतकं पक्कं मानलं जाई. सूर्यभानभाऊंनी पोरीला पाठवलं.

पुढचं मला सरांनीच सांगितलं, तेही खूप उशिरा.

शिबिर अर्ध्यावर आलं होतं. त्या सकाळी उस्तादाने दोघांना खालच्या सोप्या उतारावर सराव करायला सांगितलं आणि तो दुसऱ्या तुकडीकडे गेला. सर तिथे दिल्लीकडच्या शाळकरी पोरांमध्ये वळणं घोटत होते. तेवढ्यात भाड्याचे गमबूट आणि घोट्यापर्यंत लोंबणारे भाड्याचे कोट घातलेली एक टोळी आली. अमरावती-अकोल्याची सहल. त्यात आमचाच माजी विद्यार्थी विपुल, हल्ली अकोल्यात जुन्या शहरात त्याचं मोबाइलचं दुकान आहे.

"अरे, ढोले सर! सर, तुमी या लेकराईत काय करून राहिले?"

सगळे वळून पाहायला लागले. त्यांच्यातली आमच्याच गावची एक बाई म्हणाली, "हेच का थे फ्लेक्सवाले? तिथं त मोठा पहाड होता बाप्पा."

हसणं काही वाईट नव्हतं. आपल्याकडे माणूस दिसला की त्याची फिरकी घेतल्याशिवाय राम राम होत नाही. पण सरांचे कान गरम झाले. त्यांच्या कमरेएवढा एक पोरगा त्याच वेळी त्यांच्या शेजारून सुळकन गेला.

"वार्म-अप करून राहिलो," सर म्हणाले.

"मंग वरतून या ना! आमी गोंडोल्यानं वरच चाललो. व्हिडिओ काढतो, शाळेच्या ग्रुपवर टाकतो. एक डाव होऊनच जाऊ द्या!"

एक डाव होऊनच जाऊ द्या. पंगतीत पोट भरल्यावर वाढलेली जिलबी आणि चारचौघांत केलेला असा आग्रह, दोन्हींना नाही म्हणणारा माणूस वऱ्हाडात मी अजून पाहिलेला नाही. सर गोंडोल्यात, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या डब्यात बसले. प्रणाली त्यांच्या मागोमाग बसली.

वर दोन वाटा होत्या. गोंडोल्याच्या स्टेशनाच्या बाजूला एक रुंद, ऐसपैस उतार, खाली सपाटीला जाऊन मिळणारा. तुमचा पुढचा सराव तिथे, असं उस्तादाने आधीच दाखवून ठेवलं होतं. दुसरी वाट देवदारांमधून थेट खाली गुलमर्गला जाणारी, अरुंद, एका वळणानंतर एकदम खोल. रुंद उतारावर स्लेजवाले सहलीच्या लोकांना लाकडी घसरगाड्यांवर बसवून ओढत होते. तिथे सहलीतल्याच दोन बायका स्लेजवर बसून किंचाळत उतरत होत्या.

"इकडं त सारे स्लेजवालेच हायेत," विपुल म्हणाला. "सर, थ्या झाडातून जा ना! तिकडून व्हिडिओ झकास येईन."

प्रणाली हळूच म्हणाली, "सर, आपला उतार त हा हाये ना? उस्तादनं सांगतलं होतं."

सरांनी ऐकलं. नीट ऐकलं. "मी हाओ ना," म्हणाले आणि झाडांच्या वाटेकडे निघाले.

वाटेच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी खाली पाहिलं. ऊन अजून झाडांत शिरलं नव्हतं. बर्फ चकाकत होता, कडक. उतार झाडीत संपत होता. मध्ये थांबायला जागा दिसत नव्हती. डब्याच्या झाकणावर आम्हाला शिकवलेलं सगळं त्यांच्यासमोर पसरलेलं होतं. त्यांची पाचावर धारण बसली. मागे पाहिलं तर मोबाइल वर झालेले.

तेव्हा ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"प्रणाली, तू हो पुढं. मी मागून पाह्यतो. चुकलं त सांगतो."

दोन वर्षं ती त्या माणसाच्या शिट्टीवर पळाली होती. का म्हणून तिने विचारलं नाही. गेली.

सरही निघाले, पण वळणापर्यंतच. वळण ओलांडून लोकांच्या नजरेआड झाले, पुढचा खोल भाग पाहिला आणि बर्फात चक्क बसले. पायांतल्या पट्ट्या सोडायला लागले. पायी उतरायचं त्यांनी ठरवलं होतं. पोर पुढे गेली आहे, तिला हाक मारावी, थांबवावी, हेसुद्धा त्यांना सुचलं नाही. दुसरी पट्टी सोडत असताना खालून तिची किंकाळी आली.

एका देवदाराच्या बुंध्याशी ती पडलेली होती. गुडघा वळू नये तसा वळला होता. गस्तीचे लोक आले, त्यांनी तिला स्लेजवर बांधून खाली नेलं. सर दोघांच्या पट्ट्या खांद्यावर घेऊन स्लेजच्या बाजूने चालत उतरले. खाली पोचलेल्या विपुलने नेमका तेवढा फोटो काढला.

आणि आमच्या शहाण्या गावाने त्या फोटोतून गोष्ट बनवली. सरांनी जिवाची पर्वा न करता स्वतःच्या पट्ट्या काढून फेकल्या आणि पोरीला दरीतून वर काढलं! दरी कुठून आली देव जाणे. शिवजयंतीला चौकातल्या मंडळाने सरांचा सत्कार ठेवला, आणि फ्लेक्सचा मजकूर पुन्हा माझ्याकडेच आला. मी तो मन लावून लिहिला. सूर्यभानभाऊ पहिल्या रांगेत होते. त्यांनीच सरांच्या गळ्यात हार घातला. सरांची मान त्या हाराने खाली गेली ती वर आलीच नाही. मला वाटलं, काय हा माणसाचा विनय.

प्रणालीच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत पळायचं नाव काढायचं नाही असं बजावलं. भरती गेली.

त्यानंतर सरांचं काहीतरी बिनसलं. शिट्टी वाजवेनात. चौकातून जायचं टाळायला लागले, मागच्या गल्लीने शाळेत यायचे. स्टाफरूममध्ये कुणी गुलमर्गचा विषय काढला की उठून जायचे. एकदा मी लाडाने 'या, धुरंधर' म्हणालो तर माझ्यावरच खेकसले. मग शाळा सुटल्यावर मला मैदानाच्या कडेला बसवून त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, हातातली शिट्टी चाचपत होते.

"सर, मले माह्याच तोंडाची शरम वाटते," ते म्हणाले. "भेव वाटलं त वाटलं. भेव कोनालेही वाटते. पन मी पोरीले पुढं धाडलं."

मी भडकलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मग शांत झाल्यावर म्हटलं, चला, सूर्यभानभाऊंकडे. आत्ताच्या आत्ता. एकटे गेले असते तर ते अर्ध्या रस्त्यातून परतले असते, म्हणून मी बरोबर गेलो.

सूर्यभानभाऊ अंगणात संत्र्यांचा ढीग निवडत बसले होते. मोठी एका बाजूला, बारीक एका बाजूला. सरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सोपा उतार कसा सोडला, पोरीला कसं पुढे घातलं, ती पडली तेव्हा आपण काय करत होतो. एकही गोष्ट झाकली नाही. सूर्यभानभाऊंचे हात थांबले नाहीत.

"मले ठाऊक हाये सर," ते म्हणाले. "पोरीनं दवाखान्यातच सांगतलं."

सर एक पाऊल पुढे आले. "मंग... मंग सत्काराले काऊन आले तुमी? हार काऊन घातला?"

"दोन वर्स तुमी माह्या पोरीले अंधारात उठून पळवलं. सोताच्या पोरीसारखं. आता चौकात चारचौघाईसमोर तुमची इज्जत काढू काय?" एक संत्रं त्यांनी उगाच फिरवून पाहिलं. "राग हाये मले. लय हाये. पन म्हटलं, सर येतीन. वाटच पाहून राहिलो होतो."

सर खाली मातीत बसले आणि रडले. एवढा मोठा माणूस, ज्याच्या आवाजाने वर्ग गप्प होतात, तो नाक ओढत रडत होता आणि मला कुठे पाहावं कळत नव्हतं.

प्रणाली दारात येऊन उभी होती, चौकटीला धरून, पायाला पट्टा. "पायाचं एवढं नाही वाटलं सर," ती म्हणाली. "तुमाले भेव वाटलं त मले सांगाचं असतं. मीही तुमच्यासंगं पायी उतरली असती."

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर सरांनी सगळ्या शाळेसमोर खरं सांगितलं. गावात चार दिवस चर्चा झाली. काही जण हसले, विपुलने फोटो ग्रुपवरून काढला, मंडळाने दोन्ही फ्लेक्स उतरवून बैलांच्या गोठ्यावर ताणले. 'आपल्या मातीचा अभिमान' अजून तिथे उलटा वाचता येतो.

दिवाळी झाली. डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली, त्या सकाळी प्रणाली मैदानावर आली, गुडघ्यावर पट्टी घालून. सरांनी मलाही बोलावलं होतं. एकट्याने तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती, हे त्यांनीच सांगितलं. मैदानात भरतीची पोरं होती, कडेला फिरायला आलेली चार माणसं. सर शिट्टी घेऊन रेषेजवळ गेले.

"आज एकच फेरी," ते म्हणाले. "हळू. दुखलं त तिथंच थांबजो. तू निंघ, मी अथूनच पाह्यतो."

प्रणाली रेषेवर उभी राहिली. निघाली नाही. वळून त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"सर, तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "मी मागून पाह्यते."

भरतीची पोरं थांबून बघायला लागली. सरांनी शिट्टी माझ्या हातात दिली, चपला काढून कडेला ठेवल्या आणि पळायला लागले. पोट हलत होतं, श्वास पहिल्याच वळणावर फुलला. कडेला कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी ते ऐकलं असणार, तरी ते थांबले नाहीत.

प्रणाली सहज पुढे जाऊ शकली असती. गेली नाही. फेरी संपेपर्यंत त्यांच्या मागेच राहिली, त्यांच्या पायांकडे पाहत.