आजगावकर आणि कुंकू लावलेली फ्लॉपी

नंदकिशोर आजगावकरांनी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मरोळच्या त्या पंख्यांच्या कारखान्यात ही गोष्ट ज्याला माहीत नव्हती तो माणूस एकतर ठार बहिरा असावा, नाहीतर वर्षभर रजेवर. सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांनी आपल्या खुर्चीमागे टांगलं होतं, आणि ते नीट दिसावं म्हणून कालनिर्णयाचा खिळा दुसरीकडे हलवला होता. बावीस वर्षं हजेरीपट भरलेला हा गृहस्थ सत्त्याऐंशी साली एकदम कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख झाला.

विभाग म्हणजे काय, तर एसी लावलेली एक खोली, दोन फ्लॉप्या घालायचं एक मशीन आणि सुलक्षणा परब नावाची ऑपरेटर. चपला दाराबाहेर काढायच्या, खोलीत शिंकायचं नाही, असले सगळे कायदे आजगावकरांचे. काम मात्र सगळं सुलक्षणाचं. ती टाइप करायची आणि हे तिच्या पाठीमागे हात बांधून उभे राहून स्क्रीनवर येईल ते मोठ्यांदा वाचायचे. त्यालाच ते देखरेख म्हणत.

गणपतीनंतर पॅकिंगमधली द्रौपदी आचरेकर तक्रार घेऊन आली. बाईंनी चार दिवस रजा घेतलेली, कागदावर आले नऊ. आजगावकरांनी मानसुद्धा वर केली नाही. "कॉम्प्युटर चुकत नाही बाई, माणूस चुकतो," म्हणाले. नऊचा आकडा त्यांनी स्वतःच सांगितला होता, हे सुलक्षणाला पक्कं ठाऊक होतं. पण तिला नोकरी टिकवायची होती, ती पुढचं टाइप करत राहिली.

आणि मग बातमी आली की निम्मा कारखाना गुजरातेत वापीला जाणार. मरोळला कोण राहणार त्याची यादी हेड ऑफिसला फ्लॉपीवर पाठवायची होती. यादीत नाव असेल तो मुंबईत, नसेल त्याने बिछाना बांधायचा. मॅनेजरने रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने एकशे दहा नावं लिहून दिली. त्यात आजगावकर होते, आणि असायलाच हवे होते. अकरा वर्षं थोरल्या भावाच्या जागेत पार्टिशनच्या पलीकडे संसार करून त्यांना नुकतंच चारकोपच्या सेक्टरमध्ये घर लागलं होतं. त्यांच्या बायकोने, वसुधाने, रिकाम्या घरात चार वेळा जाऊन देव्हारा कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवलं होतं. आता वापी म्हणजे त्या घरावर पाणीच.

सुलक्षणाने यादी टाइप करून फ्लॉपीवर ठेवली आणि मध्ये दसरा आला. कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा झाली, लेथला हार, ड्रिलला हार. मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? आजगावकरांनी पाट मांडला, त्यावर सगळ्यात महत्त्वाची म्हणून यादीची फ्लॉपी ठेवली आणि अक्षता वाहिल्या. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट खाच असते, तिच्यातून आतली तबकडी दिसते. आजगावकरांनी ओल्या कुंकवाचं बोट नेमकं तिथे टेकवलं. सुलक्षणा तोपर्यंत प्रसादाच्या रांगेत होती. परत येऊन बघते तर व्हायचं ते होऊन गेलेलं.

दुसऱ्या दिवशी ती फ्लॉपी एका खणात, कोरी दुसऱ्या खणात, असं घालून कॉपी करायला घेतली. मशीन दोनदा खरखरलं आणि थांबलं. स्क्रीनवर आलं की वाचताना चूक होते आहे, आणि खाली तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर. म्हणजे सोडून द्या, परत बघा, नाहीतर दुर्लक्ष करून पुढे चला. सुलक्षणाने पाच वेळा परत बघायला लावलं, पाचही वेळा तीच खरखर. मग तिने सरळ सांगितलं, "सर, कुंकू आत गेलंय. सोडून देऊ या. रजिस्टर आहे ना, तासाभरात परत टाइप करते."

एक तास! चार वाजता हेड ऑफिसचं टपाल निघणार होतं आणि दाराच्या काचेतून अकाउंट्सवाले मजा बघत होते. त्यात कुंकवाचं खापर आपल्यावर फुटणार, हेही आजगावकरांच्या लक्षात आलंच असणार. कोर्समध्ये हे सगळं शिकवलंय, असं म्हणत त्यांनी तिला खुर्चीवरून उठवलं आणि एका बोटाने इग्नोरसाठी आयचं बटण दाबलं. दुर्लक्ष करण्यात तसाही त्यांचा हात कोण धरणार! मशीन निमूटपणे पुढे गेलं, आणि एक फाइल कॉपी झाली असं लिहून आलं. आजगावकरांनी काचेकडे बघून मान डोलावली. निदान उघडून बघू या तरी, असं सुलक्षणा म्हणत होती, तोवर फ्लॉपी टपालाच्या पाकिटात गेलीसुद्धा.

आठवड्याने हुकूम आले. मशीनने दुर्लक्ष केलं होतं ते नेमकं यादीच्या सुरुवातीच्या तुकड्याकडे, आणि यादी होती इंग्रजी ए-बी-सीच्या क्रमाने. पहिली सहा नावं साफ गायब. आचरेकर द्रौपदी, वापी. त्याखाली आजगावकर नंदकिशोर, वापी.

सुलक्षणाने मॅनेजरच्या रजिस्टरचं पान दाखवून पाच जणांचे अर्ज लिहून दिले आणि पाचही नावं परत आली. द्रौपदीबाईंनी तिला घरचे बेसनाचे लाडू आणून दिले. सहाव्याच्या बाबतीत मात्र हेड ऑफिस अडून बसलं. कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखाचंच नाव राहतं म्हणजे काय? कसं राहिलं ते आधी लेखी द्या, मग घालू.

सुलक्षणाने तोही कागद तयार केला. फक्त दोन ओळी: फ्लॉपी खराब होती, मी इग्नोर दाबलं. खाली सहीला जागा. वसुधाने तो वाचला आणि नवऱ्यापुढे पेन ठेवलं. आजगावकर रात्रभर कुढले. सही केली की चारकोपच्या घरात राहायला मिळत होतं, पण भिंतीवरचं सर्टिफिकेट गेलं असतं. अकाउंट्सवाले काय म्हणतील? सकाळी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "कॉम्प्युटरचाच दोष आहे." हेच वाक्य त्यांनी हेड ऑफिसलाही लिहून पाठवलं. तिकडून उत्तरच आलं नाही. आजगावकर एकटेच वापीला गेले, सोबत फ्रेम घेऊन. वसुधा चारकोपला राहायला गेली.

संक्रांतीच्या सुट्टीत ते पहिल्यांदा चारकोपला आले. देव्हारा भिंतीला लागला होता, पडदे लागले होते. दारावर नवी कोरी पितळी पाटी होती. सौ. वसुधा आजगावकर, एवढंच. त्यांनी पाटी दोनदा वाचली, मग आत जाऊन विचारलं की माझं नाव कुठे आहे.

वसुधा तिळाचे लाडू वळत होती. तिने वर बघितलं नाही.

"राहिलं," ती म्हणाली. "कसं राहिलं ते लेखी द्या, मग घालते."